आजीचं पत्र आईने का वाचावं?

मंडळी, परवा साताऱ्याहून सासूबाईंचं पत्र आलं, खास नातीच्या नावाने. लेकीने ते माझ्याच हातात दिलं, "आई, तू वाच ना." दुसऱ्या ओळीत होतं, "हे आईला सांगू नकोस हं." मला हसू आलं, पण पुढचं काही वाचवेना.

आपल्यापैकी बरेच जण म्हणतात, मुलांना बोलता येतं ना, पुरे. रोमनमध्ये टाइप करतातच की. मला हे पटत नाही. काल, काळ, कल, कळ हे चारही शब्द रोमनमध्ये एकाच स्पेलिंगने लिहितात. मग मुलांच्या तोंडचा ळ गेला की आपणच हळहळतो.

"अक्षरं फार आहेत हो!" मी सीए, हिशेब करून दाखवते. ३४ व्यंजनं गुणिले बाराखडी, म्हणजे ४०८ रूपं. पण पाठ काय करायचं? ३४ व्यंजनं आणि काना-मात्रांसारख्या ११ खुणा. स्वर वेगळे धरले तरी साठच्या आत.

माझ्या ऑफिसातली मैत्रीण इथिओपियाची. त्यांच्या अम्हारिकमध्ये ३३ अक्षरं, प्रत्येकाची ७ रूपं, एकूण २३१. तिथे मात्रा सुटी काढता येत नाही, अक्षराचा आकारच थोडा थोडा बदलतो. तरी तिची मुलं मोठ्याने म्हणत तक्ता गिरवतात.

उच्चारांचीही धास्ती नको. 'चार'मधला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा, लिहायचा मात्र एकच. आपली श्रूजबरीची मुलं तलावापलीकडच्या 'वॉर्सेस्टर'ला न अडखळता 'वूस्टर' म्हणतात. त्यांना च जड जाणार आहे का?

आमच्याकडे आता रोज १० मिनिटं. अक्षर तोंडाने म्हणायचं, मग गिरवायचं. सुरुवात स्वतःच्या नावापासून, मग आजी, पोळी, बाळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सध्या काढायच्या नाहीत. मराठी शाळा आठवड्यातून एकदा, उरलेले ६ दिवस आपलेच. आणि इथल्या हायस्कूलमध्ये सील ऑफ बायलिटरसी हवं असेल, तर नुसतं बोलून भागत नाही, वाचता-लिहिताही यावं लागतं.

पण खरं सांगू? मला सीलपेक्षा ते पत्र महत्त्वाचं वाटतं. घडी घालून तिच्या कप्प्यात ठेवलंय. दिवाळीपर्यंत ती स्वतः वाचेल. आजीचं गुपित मला कळलं नाही तरी चालेल.

तुमच्याकडे कुठल्या अक्षरावर गाडी अडते? जरूर सांगा.