बीट्स वापरणाऱ्यांनो, थोडा हातभार लावा

घरातल्या सीडी आणि कॅसेटी संगणकावर चढवल्या की निम्म्या फायलींवर ‘ट्रॅक ०३’ आणि ‘अननोन आर्टिस्ट’ एवढेच उरते. हा पसारा आवरायला ‘बीट्स’ हे मुक्तस्रोत साधन आहे. एड्रियन सॅम्पसन यांनी ते पायथॉनमध्ये लिहून २०१० साली सर्वांसाठी खुले केले. ‘म्युझिकब्रेन्झ’ या खुल्या माहितीकोशाशी ते तुमचे अल्बम ताडून पाहते, नावे आणि टॅग दुरुस्त करते, फोल्डर लावून देते. खात्री वाटली नाही, तर तुम्हालाच विचारते. पैसे मागत नाही.

पण ते आपोआप चालत नाही. पायथॉनची नवी आवृत्ती येते, एखादे संकेतस्थळ माहिती देण्याची रीत बदलते आणि कालपर्यंत चालणारे प्लगइन बंद पडते. दुरुस्ती करतात ते स्वयंसेवक. बीट्सची १.६.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली आणि २.०.० मे २०२४ मध्ये. मधल्या काळात दुरुस्त्या होत होत्या, पण त्या तपासून, एकत्र बांधून लोकांपर्यंत पोचवायलाही माणसे लागतात. इतका उशीर का, असे रागाने विचारण्याआधी हे लक्षात घ्या.

काही बिघडले तर नुसते ‘चालत नाही’ असे कळवू नका. तुमची आवृत्ती कोणती, कोणती आज्ञा दिली, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे लिहा. सविस्तर नोंदी दाखवण्याची सोय बीट्समध्ये आहे, त्या नोंदी जोडा. सेटिंगची फाइल पाठवताना तीतले पासवर्ड आधी काढा. तीच अडचण आधी कोणी मांडली आहे का, तेही पाहा. एवढ्याने दुरुस्ती करणाऱ्याची अख्खी संध्याकाळ वाचू शकते.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी म्युझिकब्रेन्झवर माहिती भरण्याचे मोठे काम तुमची वाट पाहत आहे आणि माझ्या मते मराठी श्रोत्यांसाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. जो अल्बम म्युझिकब्रेन्झवर नाही, तो तिथून बीट्सला सापडणार नाही. ‘शुक्रतारा मंद वारा’ या गाण्याच्या फायलीवर बहुधा फक्त गायकांची नावे असतात. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांच्याबरोबर कवी मंगेश पाडगावकर आणि संगीतकार श्रीनिवास खळे ही नावेही हवीत. म्युझिकब्रेन्झवर कवी आणि संगीतकार वेगळे नोंदवता येतात. एकच नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते, त्या तऱ्हाही पर्यायी नावे म्हणून जोडता येतात. नोंद देवनागरीत करा.

ही मेहनत पुढे कोणी बळकावील, ही शंका रास्त आहे. लोकांनी हाताने भरलेली सीडीडीबी ही सीडींच्या माहितीची यादी पुढे ग्रेसनोट या कंपनीच्या मालकीची झाली. त्या अनुभवातूनच म्युझिकब्रेन्झ उभे राहिले. त्याची मूळ माहिती सार्वजनिक मालकीची म्हणून खुली आहे आणि ती सांभाळणारी संस्था ना-नफा तत्त्वावर चालते.

तेव्हा या रविवारी कपाटातली एक मराठी सीडी काढा. तिच्या वेष्टनावरची नावे, साल आणि क्रमांक नीट वाचून म्युझिकब्रेन्झवर भरा. जुन्या कॅसेटींची वेष्टने फाटण्याआधी त्यांचीही नोंद करा.