जातीचे मूळ रक्तात नाही, विवाहात आहे

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी एक साधे निरीक्षण मांडले आहे. वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्या जाती देहाच्या खुणांवरून ओळखता येतात. माणसांच्या देहावर अशी जन्मजात खूण आढळत नाही. हे विधान श्रद्धेने स्वीकारण्याचे नसून पडताळून पाहण्याचे आहे.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. येथील लोक परस्परांत मिसळलेले आहेत. जात वंशभेदातून नव्हे, तर जातीतच विवाह करण्याच्या बंधनातून निर्माण झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेव्हा जनुकांचा पुरावा उपलब्ध नव्हता.

तो पुढे मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील लालजी सिंग, के. थंगराज आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, आजचे बहुतेक भारतीय समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडले आहेत. २०१३ च्या अभ्यासानुसार हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाले. नंतर ते थांबत गेले. माणसे आधी एकत्र आली, कुंपण मागाहून पडले.

यावर कोणी म्हणेल, जनुकांवरून समूह वेगळे दिसतात, मग जात रक्तातच नाही का? येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. एकाच तळ्यात बांध घातला, तर काही काळाने दोन्हीकडच्या पाण्याची चव बदलेल. म्हणून बांध निसर्गाने घातला असे ठरत नाही. गुन्हेतपासातील डीएनए चाचणी व्यक्तीची ओळख पटवते, नाते सिद्ध करते. तिच्या अहवालात जातीचा रकाना नसतो.

या कुंपणाची किंमत मात्र देह मोजतो. २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूहांपैकी ८१ समूहांत, ते मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याच्या ठळक खुणा आढळल्या. अशा समूहांत माता व पिता या दोघांकडून एकच सदोष जनुक अपत्याकडे येण्याचा संभव वाढतो. आपल्या जतसारख्या सीमाभागात मामाच्या मुलीशी, क्वचित सख्ख्या मामाशीही विवाह करण्याची रीत आहे. मामा-भाचीत सरासरी पाव हिस्सा जनुके समान असतात. प्रत्येक अपत्य आजारी होते असे नाही. पण धोका वाढतो, हे तरुणांना विवाहापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता शिकवली जाते. माझे आग्रहाचे म्हणणे असे की, त्याच तासाला शिक्षकांनी हा विषय निःसंकोचपणे मांडावा. वसतिगृहात सर्व मुले एका पंगतीत जेवतात, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु सहभोजन पुरेसे नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले होते. आज विज्ञानही त्याच दिशेने बोट दाखवीत आहे. तेथवर चालत जाण्याचे धैर्य विद्यार्थ्यांत निर्माण करणे, हे आपल्या शाळेचे कार्य आहे.