धुराड्यातली ज्वाळा : ताकद की उधळपट्टी?

वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली ‘डब्ल्यूडीएम-२’ ही २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने कित्येक दशके आपल्या रेल्वेचा कणा होती. जड गाडी घेऊन निघताना त्यांच्या धुराड्यातून काळ्या धुराचा लोट उठे आणि रात्री कधी कधी त्यात केशरी ज्वाळाही दिसे. त्याच्या चित्रफिती पाहून मुले आजही म्हणतात, ‘‘काय ताकद आहे!’’ विद्यार्थी मित्रांनो, माझे मत नेमके उलट आहे. धुराड्याबाहेर दिसणारी ज्वाळा ही इंजिनाची ताकद नव्हे. ती हातची निसटलेली ताकद आहे.

असे का, ते पाहू. डिझेल इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागत नाही. हवेचे आकारमान पंधराव्या ते विसाव्या हिश्शाइतके होईपर्यंत दट्ट्या तिला दाबतो. त्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तिच्यात डिझेलचे तुषार सोडले की ते आपोआप पेटतात. सिलिंडरमधील ज्वालेचे तापमान २००० अंशांच्या वर जाते. हा तप्त वायू दट्ट्याला ढकलतो आणि ढकलता ढकलता स्वतः निवत जातो. पूर्ण भार असताना तो साधारण ५०० ते ७०० अंशांवर बाहेर पडतो, भार नसताना त्याहून पुष्कळच थंड असतो. मात्र जे इंधन उशिरा, धुराड्याच्या तोंडाशी येऊन जळते, त्याला ढकलायला तेथे दट्ट्याच नसतो!

मग ते वेळेवर का जळत नाही? बहुतेक वेळा उत्तर एकच : हवा कमी पडते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हिशेब करून पाहा. एक लिटर डिझेलला जवळजवळ १० घनमीटर हवा हवी, म्हणजे २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी खोलीभर! शिवाय क्षणार्धात सगळे नीट मिसळत नसल्याने प्रत्यक्षात याहूनही जास्त हवा द्यावी लागते. कंदिलाची वात वाजवीपेक्षा मोठी केली की उजेड वाढण्याऐवजी काच काळी होते, तसेच हे आहे. रेल्वेच्या या इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बाहेर पडणाऱ्या वायूवरच फिरतो. चालकाने डिझेल वाढवले तरी टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात काजळी तयार होते. तिचे तापलेले कण केशरी उजळतात आणि बाहेरची हवा मिळताच उरलेले इंधन पेट घेते. इंजिन बराच वेळ भाराशिवाय चालू ठेवले, तर धुराड्याच्या वाटेत साचलेले तेलही पुढे भार येताच असेच पेटते.

हा केवळ कुतूहलाचा विषय असता, तर मी लेखणी उचलली नसती. पण ‘जास्त धूर म्हणजे जास्त जोर’ या समजुतीपायी ट्रॅक्टर आणि ट्रकच्या पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेतले जाते. ‘‘पण गाडी खरेच जास्त ओढते,’’ असे कोणी म्हणेल. सिलिंडरमध्ये हवा शिल्लक असेतो ते खरे आहे. ती संपली की पुढचे डिझेल फक्त उष्णता आणि काजळी देते. पेट्रोल इंजिनात इंधन फार वाढवले, तर बाहेर पडणारा वायू थोडा थंड होतो. डिझेल इंजिनात मात्र इंधन वाढेल तसे त्याचे तापमान चढतच जाते. पुष्कळ गाड्यांचा दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. दट्ट्या टिकतो तो सतत थंड ठेवला जातो म्हणून. ती मर्यादा ओलांडली की भुर्दंड मालकाला पडतो. धूर मात्र रस्त्यावरच्या सर्वांच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे मोटारी व ट्रक यांना ‘भारत स्टेज-६’ निकष लागू झाले. पण सील तोडणाऱ्या हातापुढे कोणताही निकष लंगडाच.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. चार स्ट्रोकची आकृती शिकवताना चौथा स्ट्रोक ‘धूर बाहेर पडतो’ एवढ्यावर संपवू नका. तो वायू किती तापलेला आहे, त्याचा रंग कसा आहे, सोबत किती ऊर्जा वाया जाते, हे विचारा. घन पदार्थ अंधारात मंद लाल दिसू लागतो तो सुमारे ५२५ अंशांना, हे जॉन ड्रेपर यांनी १८४७ मध्येच दाखवले होते. म्हणजे लाल झालेला धूरनळा हा आयता तापमापकच! मेणबत्तीच्या ज्योतीत चमचा धरून काजळीही वर्गात दाखवता येईल.

आणि मुलांनो, घरच्या ट्रॅक्टरचा पंप वाढवायची गोष्ट निघाली, तर खोलीभर हवेचा तो हिशेब वडीलधाऱ्यांसमोर जरूर मांडा. चांगल्या इंजिनाचे धुराडे शांत असते, कारण त्याची ताकद चाकांकडे गेलेली असते.