अस्तर नळीचे, प्रश्न धोरणाचा

शस्त्रखरेदीची चर्चा आपल्याकडे बहुधा किंमत, पल्ला आणि पुरवठादार देश या तीन मुद्द्यांभोवती फिरते. रायफलीच्या नळीला आतून दिलेला, केसाहूनही पातळ असा संरक्षक थर या चर्चेत सहसा येत नाही. ऐन मोक्याच्या क्षणी शस्त्र चालेल की अडकेल, हे मात्र पुष्कळदा हा थरच ठरवतो. उत्तर प्रदेशातील कोरवा येथे भारत-रशिया संयुक्त कंपनीच्या कारखान्यात एके-२०३ रायफली तयार होत आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या करारानुसार सहा लाखांहून अधिक रायफली आपल्या सैन्याला मिळायच्या आहेत. अशा वेळी या थराचा विचार केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही.

गोळी सुटते तेव्हा नळीत वातावरणाच्या सुमारे साडेतीन ते चार हजार पट दाब निर्माण होतो. तप्त वायू पोलादाचा पृष्ठभाग खरवडत पुढे जातात. बाहेरून पाऊस, घाम आणि खारी हवा यांचा मारा सुरूच असतो. या दुहेरी हल्ल्याला तोंड देण्यासाठी आज प्रामुख्याने चार उपाय वापरात आहेत.

पहिला, ब्लूइंगचा. क्षारांच्या उकळत्या द्रावणात पोलादावर लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा थर चढवला जातो. तो दिसायला देखणा आणि स्वस्त असतो. पण तेलाचा हात फिरत राहिला नाही, तर गंज रोखण्याची त्याची ताकद बेताचीच. दुसरा, फॉस्फेटचा. हा थर सच्छिद्र असल्यामुळे तेल धरून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तो मोठ्या प्रमाणावर वापरला. हे दोन्ही उपाय मुख्यतः नळीच्या बाह्यांगासाठी आहेत. आतल्या झिजेवर त्यांचा फारसा उपयोग नाही.

खरी स्पर्धा उरलेल्या दोहोंत आहे. क्रोमचे अस्तर विद्युत प्रक्रियेने नळीच्या आत चढवले जाते. क्रोम अत्यंत कठीण असते आणि सुमारे १,९०० अंश सेल्सिअसला वितळते. पोलाद त्याच्या कितीतरी आधी वितळते. त्यामुळे सलग गोळीबारात क्रोम टिकून राहते. नायट्रायडिंगमध्ये मात्र वेगळा थर चढवला जात नाही. सुमारे ५७० अंश तापमानाच्या क्षारकुंडात नायट्रोजन आणि थोडा कार्बन पोलादाच्या पृष्ठभागातच मुरवला जातो. आतून-बाहेरून सारखेच संरक्षण मिळते, नळीचे माप जवळजवळ बदलत नाही आणि खर्चही तुलनेने कमी येतो. क्रोमचा थर सर्वत्र समान बसला नाही, तर नेम बिघडतो. म्हणूनच नेमबाजांच्या अचूक रायफलींना बहुधा हे अस्तर नसते. उलटपक्षी, नायट्रायडिंग केलेली नळी दीर्घ स्वयंचलित गोळीबारात प्रक्रियेच्या तापमानापलीकडे तापली, की तिच्या पृष्ठभागाचा कठीणपणा कमी होऊ लागतो. क्रोमही निर्दोष नाही. त्यात सूक्ष्म भेगा असतात. त्यांतून उष्ण वायू पोलादापर्यंत पोहोचतात आणि कालांतराने अस्तराचे पापुद्रे सुटू लागतात.

या निवडीची किंमत इतिहासाने दाखवून दिली आहे. जपानने १९३९ मध्ये स्वीकारलेल्या टाइप ९९ रायफलीच्या नळीला क्रोमचे अस्तर होते. प्रशांत महासागरातील दमट बेटांवर ते उपयोगी ठरले. पुढे युद्धाची गणिते फिसकटली, तेव्हा काटकसरीत ते वगळले गेले. सोव्हिएत काडतुसांच्या जुन्या स्फोटक टोपीतून गंज आणणारे क्षार मागे उरत. कलाश्निकोव्हच्या नळीला क्रोम देण्यामागे हेही एक मोठे कारण होते. अमेरिकेच्या एम-१४ रायफलीलाही हे अस्तर होते. तरीही तिची जागा घेणारी एम-१६ ही रायफल क्रोमविना व्हिएतनामच्या जंगलात धाडण्यात आली. बारूद बदलण्यात आली आणि सफाईची साधनेही पुरेशी दिली गेली नाहीत. गंजलेल्या चेंबरमध्ये रिकामी काडतुसे अडकू लागली आणि सैनिक प्राणांस मुकले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर चेंबरला आणि पुढे संपूर्ण नळीला क्रोम आले.

आपल्याकडे पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे एआरडीईने, विकसित केलेल्या इन्सासच्या नळीलाही क्रोमचे अस्तर आहे. तरीही १९९९ च्या कारगिल संघर्षात तिच्या मॅगझिनला थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्याच. एका घटकाचा दर्जा संपूर्ण शस्त्राची हमी देत नाही, हा त्यातला बोध.

मग क्रोमच सर्वश्रेष्ठ मानून विषय संपवावा काय? तसे करता येणार नाही. कारण क्रोमच्या कुंडाशी कामगार उभा असतो. या प्रक्रियेतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. अमेरिकेने २००६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हवेतील त्याची मर्यादा घनमीटरला पाच मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर विशेष परवानगीविना करता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार औद्योगिक क्रोम-मुलाम्यातील षट्संयुजी क्रोमियमचा वापर २०३९ पर्यंत थांबवायचा आहे. नायट्रायडिंगच्या कुंडातील क्षारांतही सायनाइड असल्याने तो मार्गही निर्धोक नाही. मात्र तेथील धोका बंदिस्त यंत्रणा आणि सांडपाणी प्रक्रियेने आटोक्यात ठेवणे तुलनेने सोपे जाते.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. सरसकट एकच प्रक्रिया सर्व शस्त्रांवर लादणे गैर ठरेल. दीर्घ स्वयंचलित मारा करावा लागणाऱ्या पायदळाच्या शस्त्रांना आजही क्रोमचाच आधार आहे. पोलिसांच्या शस्त्रांना आणि मर्यादित गोळीबाराच्या कार्बाइनना नायट्रायडिंग पुरेसे, किंबहुना अधिक सोयीचे ठरू शकते. निविदेत प्रक्रियेचे नाव लिहून मोकळे होण्यापेक्षा किती गोळ्यांनंतर नेम किती ढळावा आणि खाऱ्या हवेच्या चाचणीत नळी किती तास टिकावी, हे निकष लिहिले जावेत. त्यांची तपासणी उत्पादकाव्यतिरिक्त अन्य यंत्रणेने करावी. क्रोम अपरिहार्य असेल तेथे कामगाराच्या श्वासातील हवा आणि कारखान्याबाहेर जाणारे पाणी यांचे मोजमाप करारातच बांधून घ्यावे.

स्वदेशीकरणाचा अर्थ सुटे भाग देशात जुळवणे एवढाच घेतला, तर नळीचे गुपित परकीयांकडेच राहील. ते आत्मसात करायचे, तर सीमेवरच्या जवानाइतकाच कुंडाशी उभ्या असलेल्या कामगाराचाही हिशेब मांडावा लागेल. तो आज मांडला नाही, तर उद्या चौकशी समितीपुढे मांडण्याची वेळ येते, हे व्हिएतनामच्या अनुभवाने दाखवले आहेच.