तुळईची टोकं

आमच्या सासरच्या घरात मधल्या खणाची तुळई निम्मी गुळगुळीत आहे आणि निम्मी काळी. गुळगुळीत भाग माझ्या हातचा. तो कसा झाला ते सांगते, कारण हल्ली नगर जिल्ह्यात जो तो जुनं घर ‘काढतो’ किंवा ‘चमकवतो’, आणि दोन्हीत सारखंच नुकसान होताना मला दिसतंय.

घर पाथर्डी तालुक्यात, धाब्याचं. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, त्यावर लिंबाचा पाला आणि सगळ्यांवर पांढरी माती. आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगराकडं पाऊस कोसळतो, म्हणून तिथली छपरं उतरती. आमच्याकडं ढग नुसतेच बघून जातात, म्हणून सपाट माळवद निभतं. मृगाआधी वर चार पाट्या माती टाकली की झालं. जुनी माती खाली काढायचं मात्र कुणालाच सुचत नाही. पिढ्यान् पिढ्यांचं हे ओझं तुळया मुकाट्यानं पेलतात.

तुळयांवर चुलीच्या धुराचा थर होता आणि त्यावर दिरांच्या लग्नात फासलेला पोपटी ऑइलपेंट. मी नगरहून भाड्यानं ग्राइंडर आणला, त्याला वायर ब्रश लावला आणि घोडीवर चढले. दोन तासांत निम्मी तुळई मोकळी झाली, आतून मधासारखा साग निघाला. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

दुसऱ्या दिवशी सुतारमामा आले. सत्तरी ओलांडलेला माणूस. वर बघितलं, हात फिरवला आणि म्हणाले, “ताई, वाकसाचं काम पुसलंत की!” मला कळेना. त्यांनी मला संध्याकाळपर्यंत थांबवलं. दारातून तिरपं ऊन आत आलं तेव्हा न घासलेल्या भागावर तळहाताएवढे उथळ खळगे दिसायला लागले, एकाशेजारी एक, पाण्यावरच्या लाटांसारखे. ज्यानं ही तुळई वाकसानं तासली, त्याच्या हाताचा ठेका त्या लाकडावर उमटला होता. माझ्या बाजूला काही नव्हतं. फर्निचरच्या दुकानातलं टेबल वाटावं इतकं सपाट.

दुसरी चूक तर तब्येतीवर बेतणारी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 च्या वर नको, हा नियम आपल्याकडं 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं किती, कोण सांगणार? असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर होते, आणि लहान मुलांना ती सगळ्यात जास्त बाधते. मी तोंडाला नुसती ओढणी बांधली होती. रंग काढायचा तर रिमूव्हर लावून, मऊ झाल्यावर पात्यानं खरवडून काढावा. राहिलेला पॉलिश पेपरनं, पण ओला ठेवून. मास्क चांगला लावावा आणि पोरांना त्या दिवशी आजोळी पाठवावं.

धुरासाठी एवढंही लागत नाही. उरलेल्या निम्म्या तुळईचा रंग असा काढल्यावर ती आम्ही रिठ्याच्या कोमट पाण्यानं आणि काथ्याच्या ब्रशनं धुतली. धुण्याचा सोडा मामांनी घालू दिला नाही, सोड्यानं साग काळवंडतो. खिळ्यांभोवती काळे डाग होते. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात भेटलं की असे डाग पडतात. त्यांवर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं सौम्य पाणी फिरवून नंतर स्वच्छ पुसून घेतलं. वाळल्यावर बेलतेलात (जवसाच्या तेलात) थोडं टर्पेंटाइन मिसळून फडक्यानं जिरवलं, जिरलं नाही ते पुसून काढलं. ही तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळता वाळता ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. आम्ही ती बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवली.

गुळगुळीत भागावर पीयू पॉलिश मारा, काचेसारखं होईल, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला ते पटत नाही. पीयूचा पापुद्रा एकदा सुटायला लागला की सगळा खरवडून पुन्हा मारावा लागतो. तेलाचं तसं नाही, फिकं वाटलं की दसऱ्याला एक हात फिरवायचा.

पण मामांना या सगळ्यात रस नव्हता. त्यांनी पिशवीतून गोणी शिवायचा दाभण काढला. तुळईच्या मध्यावर टोचला, शिरला नाही. सरकत सरकत भिंतीपाशी गेले, टोचला, आणि दाभण सगळा आत गेला. बाहेर आला तो ओला भुसा घेऊन. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी ‘मजबुतीसाठी’ मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. भिंतीतली ओल बाहेर पडेना, ती भिंतीत शिरलेल्या टोकात मुरली. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड आणि वर्षानुवर्षं भिजलेलं टोक यांची हमी कुणी द्यावी? मी आठवडाभर जिथं घासत होते, तिथं तुळईला काहीच झालेलं नव्हतं.

टेकू लावले, माळवदावरची निम्मी माती उतरवली, दीड हात टोक कापलं आणि तिरका सांधा घेऊन नवा साग बोल्टांनी जोडला. टोक दगडावर टेकवलं आणि भोवती बोटभर हवा ठेवली. सिमेंट फोडून चुन्याचा गिलावा केला. ग्राइंडर आणि पॉलिशच्या खर्चाच्या हिशेबात यातलं काहीच नव्हतं. आधी दाभण फिरवला असता तर त्या हिशेबाची गरजच पडली नसती.

2024 मध्ये जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. जामखेड तालुक्यात चौंडीला त्यांचं जन्मस्थान जपलंय, ते जपायलाच हवं. पण बाकीच्या गावांतल्या वाड्यांपुढं जुना साग घेणाऱ्यांचे टेम्पो उभे असतात. टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई जाते, आणि तीच पुढं शहरात कुणाच्या तरी दिवाणखान्यात ‘अँटिक’ म्हणून मांडली जाते. दीड हात लाकूड बदलायला गावात सुतार आहे, हे विकणाऱ्याला कुणी सांगत नाही. मामांच्या हाताखाली मात्र आता कुणी नाही, मुलगा पुण्यात मॉड्युलर किचन बसवतो.

पाहुणे आले की अजूनही त्या गुळगुळीत भागाकडं बोट दाखवून विचारतात, “पॉलिश कुठलं हो हे?” सासूबाई माझ्याकडं बघतात आणि चहा ठेवायला आत जातात.