झाडाचे लिग्निन आणि जालन्याचा धडा

कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, तर दुसऱ्या काठावर नवीन जालना. बियाण्याच्या व्यापाराने या शहराचे नाव देशभर नेले. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी स्थापन केली. १९९८ साली अमेरिकेच्या मोन्सँटोने तिच्यात २६ टक्के भांडवल घेतले आणि २००२ साली बीटी कापसाला सरकारी परवानगी मिळाली. पुढे कापूस उत्पादकाने काय भोगले, हे जालन्याच्या कार्यकर्त्यास सांगावयास नको. मात्र तो अनुभव आता झाडांच्या बाबतीत उपयोगी आणण्याची वेळ आली आहे.

लाकडाच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा लिग्निन नावाच्या द्रव्याचा असतो. पेशींच्या भिंतींना ते जखडून ठेवते. त्याच्या बळावर झाड उभे राहते, मुळांचे पाणी शेंड्यापर्यंत पोहोचते, कीड व बुरशी यांना अटकाव होतो. कागद कारखान्याला मात्र हे द्रव्य अडचणीचे असते. लगदा करताना ते कॉस्टिक सोडा व गंधकयुक्त रसायने घालून, मोठ्या दाबाखाली शिजवून काढावे लागते. यास्तव झाडातच लिग्निन कमी करावे, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनात आला. १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी ॲस्पेन वृक्षातील एक जनुक मंद करून लिग्निन ४५ टक्क्यांपर्यंत घटवून दाखविले. २०२३ साली तेथेच जनुकसंपादनाच्या नव्या तंत्राने पॉपलरमधील लिग्निन जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आले.

हे सारे दूरदेशी चालले आहे असे समजण्याचे कारण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुबाभळीतील लिग्निन घडविणाऱ्या जनुकांवर काम केले आहे. हीच सुबाभूळ १९७० नंतरच्या काळात मणिभाई देसाई यांच्या उरुळी कांचनच्या संस्थेने चारा, सरपण आणि पडीक जमिनीसाठी शेतकऱ्यांपर्यंत नेली. एकाच झाडाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत, आणि खरा प्रश्न त्यांच्यामधल्या अंतरातच आहे.

लिग्निन घटल्याने कारखान्याची रसायने वाचतील, नदीत जाणारे काळे पाणी कमी होईल. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारणे अडाणीपणाचे ठरेल. पाल्यात लिग्निन कमी असेल तर जनावरांनाही तो अधिक पचतो. परंतु जळताना लिग्निन सेल्युलोजच्या सुमारे दीडपट उष्णता देते. ज्या घरात आजही पऱ्हाट्या आणि बाभळीच्या फांद्या चुलीत जातात, तेथे कारखान्याचा हा टाकाऊ पदार्थ म्हणजे भाकरीखालची आच आहे. शिवाय बेल्जियममधील प्रयोगक्षेत्रावर कमी लिग्निनच्या पॉपलरची वाढ खुंटल्याचे दिसले. मराठवाड्याच्या कोरड्या वाऱ्यात, वाळवी लागणाऱ्या जमिनीत असे झाड कितपत तग धरील, हे येथेच तपासावे लागेल. आणि ते झाड बांधावर लावणाऱ्याच्या गरजेने तपासावे लागेल, केवळ लगद्याच्या हिशोबाने नव्हे.

येथे कापसाचा धडा आठवावा. प्रारंभीच्या काळात ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटामागे १२५० रुपयांपर्यंत केवळ तंत्रज्ञानाचे शुल्क आकारले जात होते. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार एकाधिकार नियंत्रण आयोगाकडे गेले, तेव्हा पाकिटाची किंमत खाली आली. केंद्र सरकारने २०१६ साली हे शुल्क ४९ रुपयांवर आणले आणि २०२० साली ते शून्य केले; परंतु तोवर गुलाबी बोंडअळीने त्या तंत्रज्ञानावर मात केलेली होती. ज्ञान विज्ञानाचे, मालकी कंपनीची आणि जोखीम शेतकऱ्याची, असा हा व्यवहार होता. कापूस निदान दरवर्षी बदलता येतो. झाड लावणारा दहा-वीस वर्षांसाठी बांधला जातो. त्याचे परागकण आणि बी शेजाऱ्याचा बांध ओळखत नाहीत. सुबाभळीचे बी कसे पसरते, हे तर आपण डोळ्यांनी पाहत आहोत.

असे असताना ३० मार्च २०२२ रोजी केंद्र सरकारने, बाहेरचे जनुक न घालता केवळ संपादित केलेल्या वनस्पतींच्या काही वर्गांना जनुकबदलाच्या कठोर नियमांतून वगळले. अशा वनस्पतींचे परीक्षण मुख्यत्वे संबंधित संस्थेच्याच जैवसुरक्षा समितीकडे राहते. भात किंवा मोहरीच्या एका हंगामापुरते याचे समर्थन कोणी करीलही. परंतु ही सवलत देताना हंगामी पीक आणि पिढीभर उभे राहणारे झाड यांत भेद केलेला नाही. लिग्निन कमी केलेले संपादित झाड याच वाटेने उद्या सरळ आपल्या शिवारात येऊ शकते.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी. विज्ञानाला विरोध हा समाजवाद्यांचा मार्ग नव्हे. विज्ञानाच्या खाजगी मालकीला विरोध हा आहे. पहिली मागणी अशी की, २०२२ च्या सवलतीतून वृक्ष वगळावेत आणि त्यांचे परीक्षण दीर्घ मुदतीचे व जाहीर असावे. दुसरी, सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क सार्वजनिकच राहावेत. त्यावर कोणत्याही कंपनीस एकाधिकार मिळू नये. तिसरी, ग्रामसभेच्या संमतीवाचून गायरानात किंवा वनजमिनीवर असे एकही रोप लागू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याच्या आधारे २०११ साली आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळविला. जंगलाचा माल कोणाचा, हे गाव ठरवू शकते. मग जंगल कसले असावे, हे गावाने का ठरवू नये?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. पुष्कळ गावी ती कागदावरच आहे. जालन्याच्या साथींनी आपापल्या गावी ती जागी करावी आणि शिवारातील झाडांची नोंद कोण करतो, हे ग्रामसभेत विचारावे. कापसाच्या वेळी आपण पाकीट हाती पडल्यावर प्रश्न विचारले. झाडाच्या बाबतीत ते रोप लागण्यापूर्वीच विचारले पाहिजेत.