रजिस्टरमधला कोरा रकाना



आपल्या सल्ला केंद्राच्या रजिस्टरात ‘अत्याचार करणाऱ्याचे नाव व नाते’ असा एक रकाना आहे. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका काकूंनी तो मला भरू दिला नाही. मनगट प्लास्टरमध्ये, तेही पदराखाली झाकलेलं. “मारलं नाही हो ताई, त्याचा हात लागला,” एवढंच म्हणाल्या. तो म्हणजे त्यांचा २८ वर्षांचा मुलगा. डिप्लोमा झालेला, नोकरी सुटलेली. चार वर्षांपासून त्याला आवाज ऐकू येतात, शेजारी कट करताहेत असं वाटतं. संताप अनावर झाला की ताट, आरसा, आई, जे समोर येईल ते. नवरा वारलेला. लेक सासरी, तिला सांगायची चोरी.

नवरा मारत असता तर काय करायचं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. मी तेच केलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आईला मुलाविरुद्धही संरक्षण मागता येतं, त्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेश मिळू शकतो, हे उत्साहाने समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाहेर काढला तर तो रात्री जेवणार कुठे?” एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं.

मग फेऱ्या सुरू झाल्या. चौकीत म्हणाले, तक्रार द्या, आत टाकतो. नाहीतर दवाखान्यात न्या. दवाखान्यात म्हणाले, पेशंटला घेऊन या, न बघता औषध कसं देऊ? आणि पेशंट आतून कडी लावून बसलेला. या मधल्या मोकळ्या जागेत आता धंदा उभा राहिला आहे. जीपमधून चार माणसं येतात, सुई टोचतात, उचलून ‘केंद्रा’त नेतात, दरमहा पैसे घेतात आणि भेटायला येऊ नका म्हणतात. त्यासाठी काकू पाटल्या मोडायला निघाल्या होत्या.

आपल्या चळवळीला सक्तीने दाखल करण्याची चीड आहे, आणि ती उगीच नाही. नको झालेल्या बायकोला ‘वेडी’ ठरवायचं आणि त्याच कागदावर घटस्फोट मागायचा, हे आपण कितीदा पाहिलं. २००१ मध्ये तामिळनाडूत एरवडीला साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मेले, तेही आपण विसरलो नाही. म्हणून बैठकीत एका जुन्या कार्यकर्तीने विचारलं, “आज मुलाला दाखल करायला मदत केली, तर उद्या नवऱ्याला कुठल्या तोंडाने अडवणार?” प्रश्न खरा आहे. पण त्याच्या आडून आपण काकूंना परत त्याच खोलीत धाडत होतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मी नीट वाचला तो तेव्हाच, हे कबूल करते. मानसिक आजारामुळे एखाद्यापासून स्वतःला वा इतरांना धोका आहे असं वाटायला कारण असेल, तर कलम १०० प्रमाणे त्याला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. कोठडीत ठेवायला मनाई आहे. कलम ८९ खाली आईच्या अर्जावर दाखल करता येतं, पण दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि जास्तीत जास्त ३० दिवस. दाखल केलेल्याला पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, मोफत वकील मिळतो. जुन्या कार्यकर्तीला हवं ते हत्यार इथेच आहे.

कलमाची झेरॉक्स घेऊन आम्ही तिघी चौकीत दोन तास बसलो. दुसऱ्या दिवशी गाडी आली.

प्रादेशिक मनोरुग्णालयात मी त्याला भेटले. गोळ्यांनी हात थरथरायचे, लाळ गळायची, म्हणून त्याने त्या सोडल्या होत्या. मग आई चहातून द्यायला लागली. “चहा कडू लागायचा. मला वाटायचं, विष घालतात,” तो म्हणाला. “मला कुणी विचारलंच नाही.” जिला तो मारायचा तिचीच त्याला भीती होती. काकूंना मी दोष देत नाही. असा चहा किती घरांत होतो ते मला ठाऊक आहे. पण औषध बदलून मिळतं, महिन्याने घ्यायचं इंजेक्शन असतं, हे त्या दोघांना आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता तो घरी आहे, इंजेक्शन घेतो. गेल्या महिन्यात त्याने टीव्ही फोडला, आईला हात लावला नाही. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात टाकत नाहीत, हेही वस्तीत सांगत राहावं लागतं. आणि ‘घरच्यांनी लक्ष ठेवावं’ असं डॉक्टर, पोलीस सगळेच म्हणतात, तेव्हा घरचे म्हणजे एकच बाई असते. काकू चार वर्षांत लेकीकडे एक रात्र राहिलेल्या नाहीत.

तो बरा असताना आम्ही तिघांनी बसून एक कागद लिहिला : कुठलं औषध चालतं, चिडचिड वाढली की आधी कुणाला फोन करायचा, काकूंनी कुणाकडे जाऊन झोपायचं. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यावर आहे. ‘आगाऊ सूचना’ म्हणून त्याची कायदेशीर नोंद करायची राहिली आहे.

रजिस्टरात आम्ही ‘बाईला काय हवे आहे’ असा रकाना वाढवला आहे. तुमच्या केंद्रात अशा आया आल्या का, चौकीत कलम १०० दाखवल्यावर काय झालं, ते कळवा. पुढच्या अंकात छापू. नावं मात्र लिहू नका.